रिबनचे प्रतीक : शोकाकडून स्मरणाकडे

प्रस्तावना :
कापडाची लहानशी पट्टी शोकचिन्ह कशी बनते, हा सांस्कृतिक इतिहासातील अभ्यसनीय प्रश्न आहे. एकोणिसाव्या शतकातील ब्रिटनमध्ये शोकवस्त्रांचे कडक संकेत होते. १८६१ मध्ये पती अल्बर्ट यांचे निधन झाल्यानंतर राणी व्हिक्टोरियाने १९०१ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या मृत्यूपर्यंत, काळी वस्त्रे वापरली. दंडावरील काळी फीत हे याच संकेतांचे संक्षिप्त रूप होय.

लाल रिबन :
१९९१ मध्ये न्यूयॉर्क येथील 'व्हिज्युअल एड्स' या संस्थेशी संबंधित कलावंतांनी लाल रिबन तयार केली. आखाती युद्धातील सैनिकांसाठी बांधल्या जाणाऱ्या पिवळ्या रिबनींवरून ती सुचली. १९८१ ते १९९० या काळात अमेरिकेत एड्सने एक लाखाहून अधिक बळी घेतले होते. परंतु सामाजिक कलंकामुळे मृत्यूचे कारण अनेकदा कुटुंबीयही लपवीत. ज्यांच्याविषयी उघडपणे शोक व्यक्त करता येत नव्हता, त्यांच्यासाठी हे चिन्ह होते. कलावंतांनी आपली नावे पुढे केली नाहीत व स्वामित्वहक्कही घेतला नाही. त्यामुळे ती कोणालाही तयार करून लावता आली.

निष्कर्ष :
काळी फीत प्रायः आप्तांचा अथवा राजाचा शोक दर्शवीत असे. लाल रिबनने मृताशी कोणतेही नाते नसलेल्यालाही शोकाचा अधिकार दिला. भारतातील महाविद्यालयांत 'रेड रिबन क्लब' स्थापन झाले, तेव्हा ती प्रामुख्याने आरोग्यजागृतीची खूण ठरली. १ डिसेंबर रोजी ती छातीवर लावताना तिच्यामागील मृतांचे स्मरण राहिले नाही, तर प्रतीक तेवढे उरते आणि अर्थ हरवतो.