स्पिटफायरचा मागचा आस

१९६२ साली ट्रायम्फ कंपनीची स्पिटफायर ही उघड्या टपाची दोन आसनांची मोटार लंडनच्या प्रदर्शनात आली, तेव्हा मिकेलोत्ती या इटालियन आरेखकाने तिला दिलेल्या रूपाची वाहवा झाली. मागच्या आसाची घडण मात्र १९५९ च्या हेरल्ड या साध्या कौटुंबिक गाडीकडून आलेली होती. चाकांचे दोन्ही दांडे डिफरन्शिअलपाशी बिजागरीसारखे हलत आणि वर पाट्यांची एकच आडवी कमान असे. भर वेगात वळण घेताना चालकाने दचकून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की गाडीची मागची बाजू उचले, बाहेरचे चाक पोटाखाली दुमडे आणि पकड सुटे. शिक्षा व्हायची ती भित्र्यालाच!

१९७० च्या चौथ्या आवृत्तीत योजलेला उपाय थोडक्या खर्चाचा होता; इतका, की तो आधीच का सुचू नये, असे वाटते. कमानीतील एकच पाटा पक्का ठेवून बाकीचे मधल्या खिळीवर झुलते सोडले. कमान भार पूर्ववत पेली, पण गाडीच्या कलण्याला अडवीनाशी झाली. त्यामुळे मागची बाजू उचलली जाणे पुष्कळ कमी झाले. ती उणीव पुढचा कलरोधक दांडा जाड करून भरून काढली. जुन्या गाडीला ही कमान बसविता येते. मात्र दांडा न बदलल्यास गाडी वळणावर फार झुकते.

मद्रासच्या स्टँडर्ड कारखान्याने १९६१ पासून हेरल्ड बांधली. तिच्यावरून १९७२ मध्ये काढलेल्या गॅझेलला त्याने सरळ अखंड आसच बसविला.