गाडगेबाबांचा खराटा : व्यक्तिमत्त्व, आकलन आणि श्रमप्रेरणा

कार्यस्थळावरील प्रेरणेचा विचार करताना व्यवस्थापनशास्त्राचा अभ्यासक सहसा अब्राहम मॅस्लो यांनी १९४३ मध्ये मांडलेल्या गरजांच्या श्रेणीपासून किंवा शिकागोजवळील हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेल्या प्रयोगांपासून प्रारंभ करतो. ते स्वाभाविकच आहे. परंतु वेतन, हुद्दा व देखरेख यांपैकी काहीही नसताना माणसे कामाला का लागतात, हा प्रश्न वऱ्हाडच्या इतिहासात या प्रयोगांच्याही आधी उभा राहिला होता. संत गाडगेबाबांच्या श्रमकार्याचा या दृष्टीने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. वडिलांच्या अकाली निधनानंतर ते अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या आजोळच्या गावी वाढले. मामाची गुरे राखणे, नांगर धरणे, पिकाची राखण करणे ही त्यांची शाळा होती. तत्कालीन वऱ्हाड हा कापसाचा सधन मुलूख. मात्र तेथील कामाची प्रतवारी जातीने ठरवून दिलेली होती. सालदाराने वावरात राबावे आणि मालकाने धुऱ्यावर उभे राहून पाहावे, हा रिवाज. काम कोणाच्या हातून होते यावरून कामाची किंमत ठरे आणि कामावरून माणसाची. मानसशास्त्र ज्याला आकलन म्हणते, म्हणजे समोरच्या वस्तूला आपण देत असलेला अर्थ, तो येथे माणूस जन्मण्याआधीच निश्चित झालेला असे. खराट्याचा अर्थही असाच निश्चित होता.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजींनी घर सोडले. पूर्णेच्या काठावरील ऋणमोचन येथे पौषातील रविवारी यात्रा भरत असे. यात्रेकरू निसरड्या काठावरून घसरत. डेबूजींनी तेथे कोणालाही न सांगता मातीचे काम हाती घेतले. पुढे तेथे घाट झाला. या प्रसंगात त्यांच्या पुढील सर्व कार्याची पद्धत बीजरूपाने आढळते : आधी स्वतः काम सुरू करायचे आणि बोलायचे ते नंतर.

त्यांचे बाह्यरूप या पद्धतीचा अविभाज्य भाग होते. अंगावर चिंध्या, हातात खराटा, जवळ मडक्याचे खापर. गावात शिरताच ते रस्ते झाडू लागत आणि भाकरी मागण्यापूर्वी मागितलेल्या घरचे काही काम करीत. सकाळी ज्याला लोकांनी वेडा किंवा भिकारी समजून हटकले, तोच माणूस रात्री कीर्तनाला उभा राहिलेला दिसे. येथे श्रोत्यांच्या आकलनास जो धक्का बसे, तो कोणत्याही उपदेशाने बसला नसता. आपण माणूस ओळखण्यात चुकलो, तर खराटा ओळखण्यातही चुकलो असू, ही शंका मनात उत्पन्न होई. कीर्तनाची रीतही या शंकेला पोषक होती. वऱ्हाडी बोलीत ते प्रश्न विचारीत आणि उत्तर श्रोत्यांकडूनच वदवून घेत. स्वतःच्या तोंडून निघालेले उत्तर नाकारणे मनुष्यास कठीण जाते, हे त्यांना कोणत्याही पाठ्यपुस्तकावाचून कळले होते.

नेत्याचा हेतू अनुयायांना कसा दिसतो, यावरही प्रेरणा अवलंबून असते. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे लोकवर्गणीतून धर्मशाळा उभ्या राहिल्या, मूर्तिजापूरला गोरक्षण उभे राहिले. परंतु बाबांची राहणी पूर्वीप्रमाणेच राहिली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. आपल्या घामाचा लाभ कोणा एकाच्या घरात जात नाही, हे दिसत असल्यामुळेच माणसे पुन्हा पुन्हा कामाला येत. डग्लस मॅकग्रेगर यांनी १९६० मध्ये अशी मांडणी केली की, माणूस मुळात कामचुकार आहे असे मानणारा व्यवस्थापक एका प्रकारची संस्था घडवतो आणि माणसाला कामाची ओढ असते असे मानणारा दुसऱ्या प्रकारची. गाडगेबाबा निःसंशय दुसऱ्या पक्षातले होते.

महाराष्ट्र शासनाने २०००-०१ मध्ये त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. तत्कालीन ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने ते गावोगावी पोहोचले आणि अनेक गावांचे रूप त्याने पालटले, हे मान्य केले पाहिजे. तथापि प्रेरणेचे साधन बदलले होते. बाबांच्या हातातील खराट्याच्या जागी आता क्रमांक व बक्षीस आले. मोबदला दिल्याने मूळची आवड उणावू शकते, असे एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये प्रयोगांती दाखविले होते. शिवाय स्पर्धेत पहिला क्रमांक एकाच गावाला मिळतो. उरलेल्या गावांनी कशासाठी झाडावे, याचे उत्तर स्पर्धेपाशी नसते.

याहून अवघड प्रश्न मात्र बाबांच्या पद्धतीच्या मर्यादेचा आहे. खराट्याचा अर्थ त्यांनी बदलला, पण तो कोणासाठी? हौसेने तासभर झाडणारा पाटील, वकील किंवा प्राध्यापक यांच्या हातात खराटा गौरवाचा ठरला. ज्याच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी तोच खराटा धरला, त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी तेवढी पालटली नाही. श्रमदानाचे छायाचित्र निघते; नगरपालिकेच्या सफाई कामगाराचे सहसा निघत नाही. बाबांना हा भेद ठाऊक नव्हता असे म्हणता येत नाही. अस्पृश्यतेवर त्यांनी कीर्तनातून सातत्याने प्रहार केले आणि चोखामेळा धर्मशाळेचा निर्णयही त्याच जाणिवेचा होता. परंतु एका व्यक्तीच्या व्यक्तिमत्त्वाने घडविलेले आकलन त्या व्यक्तीच्या सहवासात जितके तीव्र असते, तितके तिच्या पश्चात टिकत नाही.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे पेढी नदीच्या परिसरात बाबांचे निधन झाले. त्यानंतर सदतीस वर्षांनी, १९९३ मध्ये, हाताने मैला उचलण्याच्या प्रथेवर कायद्याने बंदी आली. ती प्रथा तरीही सुटली नाही, म्हणून २०१३ मध्ये संसदेला पुन्हा कायदा करावा लागला.