इंडोनेशियातील मदरसे : हजेरीपटापासून संगणकापर्यंत

मदरसा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कुरआन पाठ करणारी, रात्री तिथेच झोपणारी मुले येतात. इंडोनेशियात तशा निवासी संस्थेला ‘पसांत्रेन’ म्हणतात. तिथला मदरसा म्हणजे वर्ग, फळा आणि वेळापत्रक असलेली शाळा. पहिली ते सहावीचा तो ‘मदरसा इब्तिदाइया’. मुहंमदिया (1912) आणि नहदतुल उलेमा (1926) या संघटनांच्या लोकांनी असे मदरसे गावोगाव काढले. आजही नव्वद टक्क्यांहून अधिक मदरसे खाजगीच आहेत. देखरेख धर्मविषयक मंत्रालयाची.

खरे वळण 1975चे. मुक्ती अली तेव्हा धर्ममंत्री होते. तीन मंत्र्यांनी मिळून आदेश काढला : निदान सत्तर टक्के सामान्य विषय शिकवा, म्हणजे तुमचे प्रमाणपत्र सामान्य शाळेच्या बरोबरीचे धरू. दीनी तालमीच्या वाट्याला तीस टक्के उरले. सौदा महाग होता, पण त्यामुळेच मदरशातल्या मुलाला पुढच्या सरकारी शाळेचे दार उघडले, हे आम्ही विसरू शकत नाही. 2003च्या शिक्षण कायद्याने ही बरोबरी पक्की केली.

बरोबरी आली तशी तपासणीही आली. 2005पासून दर विद्यार्थ्यामागे सरकारी अनुदान मिळू लागले आणि पटसंख्येला पैशाचे मोल आले. मंत्रालयाच्या ‘एमिस’ या संगणकीय नोंदीत मुलाचे नाव नसेल, तर त्याचा पैसा कुठून येणार? पुढे मानांकनाचे अर्जही संगणकावर गेले. 2019 साली जागतिक बँकेने 25 कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. त्यातून मदरशाने आधी आपल्या उणिवा स्वतः नोंदवायच्या आणि वर्षाचा खर्च त्यांच्याशी जुळवून संगणकावर मांडायचा, अशी पद्धत रुजवली गेली.

विचार चांगला आहे. पण लहान गावात मुख्याध्यापक स्वतःच वर्ग घेतो. तो रकाने भरत बसला की मुले नुसती बसून राहतात. शिवाय रकाने भरले म्हणजे मुलाला वाचता आले, असे थोडेच आहे?

म्हणून आम्हांला 2021ची चाचणी अधिक मोलाची वाटते. पाचवीच्या मुलांचे वाचन, गणित, विज्ञान आणि सामाजिक-सांस्कृतिक समज ती संगणकावर तपासते. तीही नापास करण्यासाठी नव्हे, कच्चे कुठे आहे ते शिक्षकाला कळावे म्हणून. कुरआन कसे वाचले जाते याची पारख मात्र तीत नाही. ती अजून उस्तादच्या कानावरच सोपवलेली आहे.