वारुळावरची अळंबी

वारुळावरची अळंबी : वाळवीच्या वारुळात वाढणारे खाद्य रानभूछत्र. प्रजातीचे शास्त्रीय नाव टर्मिटोमायसिस. १९४२ मध्ये फ्रेंच कवकशास्त्रज्ञ रोझे एम यांनी ती स्वतंत्र मानली. सातारा जिल्ह्यातील जावळी, पाटण आणि सांगलीतील शिराळा या पावसाळी डोंगरपट्ट्यांत ती आषाढ-श्रावणात उगवते.

अनेक भूछत्रांना जोडीदार लागतो. हिमालयातील ओकच्या मुळांशी बोलीटस गटातील भूछत्रांची अशीच सोयरीक असते : बुरशीचे धागे झाडाला पाणी व क्षार पुरवितात आणि बदल्यात साखर घेतात. सह्याद्रीत ओक नैसर्गिकपणे वाढत नाही. पाचगणीचा सिल्व्हर ओक मूळचा ऑस्ट्रेलियाचा आणि वेगळ्याच कुळातला. नावावर जाऊन त्याच्याखाली बोलीटस शोधू नये. इथली खरी सोयरीक वारुळात आहे.

वारूळ मुंग्यांचे किंवा नागाचे समजले जाते. नागपंचमीला, विशेषतः बत्तीस शिराळ्याच्या परिसरात, त्याला मोठा मान असतो. ते बांधते मात्र वाळवी. कामकरी वाळव्या वाळका पाला आणि लाकूड खाऊन अर्धवट पचलेली विष्ठा आत रचतात. तिचे स्पंजासारखे, करडे-तपकिरी पोळे होते. त्यावर बुरशी चढते आणि खसखशीएवढे पांढरे गोळे धरतात. लाकडातील जे वाळवीला पचत नाही ते बुरशी फोडते. गोळे आणि जुने पोळे हा वाळवीचा आहार. ही शेती सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत सुरू झाली, असे जनुकीय अभ्यासावरून दिसते.

पावसाने माती मऊ झाली की पोळ्यावरून कळी निघते. टोपीच्या मधले टणक टोक माती भेदत वर येते आणि मागे मुळासारखा लांब देठ राहतो. तो कधी हातभर खोल जातो. टोपी उघडली की खालच्या पापुद्र्यांतून गुलाबीसर बीजुके झडतात. नव्या वारुळांतील कामकरी ती वेचून नेतात. मायक्रोकार्पस या जातीच्या टोप्या जेमतेम एक-दोन सेंटिमीटरच्या, पण एका जागी शेकड्यांनी येतात. वाळवीने बाहेर आणून टाकलेल्या पोळ्याच्या चुऱ्यावर त्या उगवतात. या अळंबीची व्यापारी लागवड अजून साधलेली नाही.

गवताळ जागी उगवणारे, हिरवट बीजुकांचे क्लोरोफायलम हे विषारी भूछत्र कोवळेपणी पांढरे असते व फसवते. चांदीचा चमचा किंवा लसूण काळा पडतो का, ही परीक्षा साफ खोटी आहे. जाणत्याने हातात घेऊन ओळखल्याशिवाय कोणतीही रानअळंबी शिजवू नये. चांदोली राष्ट्रीय उद्यान (२००४) आणि २०१० पासूनचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प यांच्या संरक्षित गाभ्यात ती गोळा करता येत नाही.

अळंबी काढताना देठ मातीलगत मोडावा, वारूळ खणू नये. पोळे शाबूत राहिले तर पुढच्या पावसात ती त्याच जागी येते. म्हणून जाणती माणसे आपली वारुळे सहसा कोणाला दाखवत नाहीत.