गावाच्या तिजोरीला जप्ती लागते काय?

सावकाराचे देणे थकले आणि कोर्टाचा हुकूमनामा झाला, म्हणजे बेलिफ दाराशी येतो, हे श्रोतेहो, आम्ही आपणांस सांगावयास नको. तरीही सुताराची करवत नि शेतकऱ्याचा नांगर त्याने नेऊ नये, असे १९०८ सालच्या आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे ६० वे कलम बजावते. हत्यारच गेले तर माणूस कमवील कशाने आणि फेडील कशाने? पण ऋणको माणूस नसून आख्खे गावच असले तर? गावाची हत्यारे कोणती समजावयाची?

हा झगडा अमेरिकेत फार कडवटपणे लढला गेला. १८५० नंतर तेथील गावांना आगगाडीचे वेड लागले. रूळ आपल्या वेशीवरून जावेत म्हणून नगरपालिकांनी रोखे काढून कंपन्यांच्या हवाली केले. पुष्कळ कंपन्या बुडाल्या. रोखे मात्र घेणेकऱ्यांच्या पेटीत राहिले. विस्कॉन्सिन राज्यातील वॉटरटाउन हे असेच एक गाव. निकाल त्याच्याविरुद्ध झाला, पण जप्त करण्याजोगे काही सापडेना. मग कोर्टाने हुकूम काढला की, कर बसवा आणि देणे द्या. तो बजावावयाचा कोणावर? कारभारी निवडून येत आणि हुकूम हाती पडण्यापूर्वीच राजीनामा देत! १८७३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कर बसविणे हे कोर्टाचे काम नव्हे, आणि गावाच्या कर्जापायी रहिवाशांची घरेदारे विकण्याचा हुकूमही आम्ही देणार नाही. न्यू इंग्लंडमध्ये मात्र गावाच्या देण्यासाठी एखाद्या रहिवाशाची मालमत्ता उचलण्याची वहिवाट होती.

वॉटरटाउनच्या ह्या चतुराईला टाळ्या देणारे पुष्कळ भेटतात. आम्ही त्यांतले नव्हे. कारण गावाचा घेणेकरी म्हणजे केवळ पोट सुटलेला रोखेवाला नसतो. पालिकेच्या गाडीखाली पाय गेलेला हमाल हाही घेणेकरीच, आणि वर्षानुवर्षे फरकाच्या रकमेची वाट पाहणारा झाडूवालाही घेणेकरीच. एका नगरपालिकेच्या सफाई कामगारांचे असेच घेणे निघाले, तेव्हा औद्योगिक विवाद कायद्याच्या ३३-सी कलमाखाली आम्ही वसुलीचा दाखला मिळविला. पालिकेचे बँकेतले खातेच गोठवा, अशी सूचना युनियनच्या बैठकीत आली. तेव्हा एक झाडूवाली बाई उठून म्हणाली, “दादा, आमचा पगार त्याच खात्यातून निघतो ना?” बैठक गप्प झाली. पुढे हप्ते बांधून घेतले. ते वेळेवर आले नाहीत, पण आले.

त्या बाईने एका वाक्यात जे विचारले, ते टेनेसी राज्यातील मेंफिस शहराच्या खटल्यात फार मोठ्या प्रमाणावर विचारले गेले. ह्या शहराच्या डोक्यावर सुमारे ५० लाख डॉलरचे कर्ज होते. त्यात लाकडी ठोकळ्यांच्या फरसबंदीचाही खर्च होता, आणि ते ठोकळे कुजून गेले होते. गटारांची धड व्यवस्था नव्हती. १८७८ च्या उन्हाळ्यात पीतज्वराची साथ आली. ज्यांच्यापाशी पैसा होता ते पळाले. मागे राहिलेल्यांपैकी पाच हजारांहून अधिक माणसे मेली. जानेवारी १८७९ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने शहराची सनदच रद्द केली आणि त्या जागी एक ‘करजिल्हा’ उभा केला. म्हणजे ऋणकोच नाहीसा झाला!

घेणेकरी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १८८० च्या निकालात न्यायालयाने सांगितले की, रस्ते, बागा, धक्के, आगीचे बंब, त्यांच्या नळ्या नि गाड्या, म्हणजे लोकांच्या कामासाठी ठेवलेली कोणतीही वस्तू, कर्जासाठी घेता येणार नाही. आणि कर बसविण्याची सत्ता विधिमंडळाची. ती कोर्ट हाती घेणार नाही. तीन न्यायाधीशांना हे मान्य नव्हते. सुताराची करवत ती शहराचा आगीचा बंब, असे आम्ही आमच्या भाषेत म्हणतो. तिजोरीचा न्यायही याहून निराळा नाही. पाण्यासाठी नि झाडलोटीसाठी जमलेला पैसा बँकेत ठेवला म्हणून तो सावकाराचा होत नाही. नफ्यासाठी ठेवलेल्या जागेची गोष्ट वेगळी. तिला हे कवच नसे.

त्याच १८८० साली वेअरिंग नावाच्या इंजिनियरने मेंफिसमध्ये भुयारी गटारे घालण्यास आरंभ केला. घेणेकऱ्यांच्या हातून वाचलेले शहर तेव्हा आपल्या हातीही राहिले नव्हते. कर किती घ्यावयाचा हे दूर राजधानीत ठरे, आणि कर्ज काढण्याची मुभा नव्हती.

अलाबामा राज्याने मोबाइल शहराच्या बाबतीत १८७९ साली हीच युक्ती केली. शहर मोडून ‘मोबाइल बंदर’ नावाची नवी संस्था काढली. १८८६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती चालू दिली नाही. वस्ती तीच, जमीन बहुतेक तीच, तर देणेही तेच, असे ठरले. मेंफिसच्या घेणेकऱ्यांनी अखेर तडजोड करून मूळ रकमेहून पुष्कळ कमी घेतले. मेंफिसला ‘शहर’ हे नाव आणि दर्जा परत मिळाला तो १८९३ साली.