दवाखान्याचे अंतर

वृद्ध माणसाच्या दृष्टीने दवाखान्याचे अंतर केवळ मैलांत मोजता येत नाही. वाटेतील पायऱ्या, रांगेतील तास, सोबत येणाऱ्या मुलाचा बुडालेला रोज आणि दरमहाच्या गोळ्यांची किंमत, या साऱ्यांची बेरीज म्हणजे ते अंतर होय. राजधानी दिल्लीत आणि तिच्या परिसरात हे अंतर कमी करण्याचे जे यत्न झाले, त्यांचा इतिहास आज थोडक्यात पाहू.

सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समिती १९४३ साली नेमली गेली व १९४६ साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये, हे तत्त्व तिने निःसंदिग्धपणे मांडले. तिचा मुख्य भर मात्र माता, बालके आणि साथीचे रोग यांवर होता. त्याचे कारण उघड आहे. त्या काळी भारतीयांचे सरासरी आयुर्मान सुमारे २७ वर्षे होते. जेथे म्हातारपण थोड्यांच्याच वाट्यास येई, तेथे त्याच्या दुखण्यांचा निराळा विचार होणे कठीणच होते.

पुढे १९५४ साली केंद्र सरकारने आपल्या नोकरांसाठी दिल्लीत आरोग्य योजना सुरू केली. पगारातून अल्प वर्गणी कापावयाची आणि वस्तीजवळच्या दवाखान्यात तपासणी व औषध द्यावयाचे, अशी तिची साधी रचना होती. ती १९६३ साली मुंबईत पोहोचली. कालांतराने निवृत्तांनाही तीत स्थान मिळाले. दहा वर्षांची वर्गणी एकरकमी भरली की त्यांना आजीव सोय मिळते. वार्धक्यास लागते ते नेमके येथे आहे: ओळखीचा दवाखाना, जुनी नोंद आणि नियमित औषध. परंतु हा लाभ सरकारी नोकरीच्या नात्याने मिळतो. ज्या गवंड्याने सरकारी वसाहतीच्या भिंती उभारल्या, ज्या धोब्याने तेथील कपडे धुतले, त्यांच्या म्हातारपणास निवृत्तिवेतन नाही आणि म्हणून हा दवाखानाही नाही.

दुसरा प्रयोग बल्लभगढचा. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने १९६५ साली दिल्लीच्या दक्षिणेस असलेल्या या भागात ग्रामीण आरोग्यसेवेचा प्रकल्प हाती घेतला. आरोग्यसेवक तेथे घरोघर जाऊन विचारपूस करतात. रोग्याने दवाखान्याकडे यावे, त्याऐवजी दवाखान्यानेच चार पावले पुढे जावे, हा त्यातील धडा अंथरुणास खिळलेल्या वृद्धांच्या बाबतीत विशेष मोलाचा आहे.

दरम्यान काळ पालटला. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढील माणसे १० कोटींहून अधिक भरली. एकट्या दिल्लीत ती साडेअकरा लाखांच्या आसपास होती. वृद्धांच्या आरोग्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम निघाला तो २०१०-११ सालीच. दिल्लीत २०१५ साली पीरागढी येथे पहिले मोहल्ला क्लिनिक उघडले. वस्तीतच विनामूल्य तपासणी व औषध, ही कल्पना भोर समितीच्या तत्त्वाशी जुळणारी होती. २०२५ पासून त्यांच्या जागी आयुष्मान आरोग्य मंदिरे येऊ लागली. पाटी बदलली, तरी म्हाताऱ्यांचा प्रश्न तोच राहतो: गोळ्या याही महिन्यात मिळतील ना?

सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, वर्षास ५ लाख रुपयांपर्यंतचे विमासंरक्षण देण्याचे केंद्र सरकारने २०२४ साली ठरविले; दिल्ली या योजनेत २०२५ साली सामील झाली. हे पाऊल मोठे आहे, यात शंका नाही. पण हा विमा रुग्णालयात दाखल झालेल्याच्या उपयोगी पडतो. रक्तदाब व मधुमेह यांची रोजची गोळी त्यात येत नाही. ती गोळी वेळेवर मिळाली, तर पक्षाघाताचे आणि रुग्णालयाच्या खाटेचे संकट पुष्कळ वेळा टळते. शेवटचा मोठा खर्च राज्यसंस्थेने उचलावा आणि तो टाळणारा छोटा खर्च म्हाताऱ्याच्या रिकाम्या खिशावर सोडावा, हा हिशेब व्यवहाराच्या कसोटीसही उतरत नाही.

या इतिहासाचा बोध स्पष्ट आहे. सरकारी नोकराच्या वार्धक्यासाठी जी व्यवस्था आपण उभारू शकलो, ती आपल्या आवाक्याबाहेरची खास नव्हती. आता तिचा आधार नोकरी न राहता नागरिकत्व व्हावा, आणि साऱ्याच वृद्धांना आपला दवाखाना चालत जाता येईल इतका जवळ असावा, एवढेच मागणे आहे.