संवेजनीय स्थाने आणि कोरेगावचा स्तंभ

दरवर्षी १ जानेवारीस भीमेच्या तीरावरील विजयस्तंभापुढे लक्षावधी बांधव नतमस्तक होतात. ज्यास आपण कोरेगावचा स्तंभ म्हणतो तो वस्तुतः नदीच्या अलीकडे, पेरणे गावच्या हद्दीत आहे. कोरेगाव पैलतीरी, शिरूर तालुक्यात वसले आहे. बौद्ध उपासकाने युद्धस्मारकास वंदन करावे काय, असा प्रश्न आम्हास अनेकदा विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. त्याचा विचार पाली वाङ्मयाच्या आधारे करणे अगत्याचे वाटते.

महापरिनिब्बान सुत्तात तथागतांनी श्रद्धावान कुलपुत्रासाठी चार दर्शनीय स्थाने सांगितली आहेत: जन्माचे, संबोधीचे, धम्मचक्रप्रवर्तनाचे व महापरिनिर्वाणाचे. या स्थानांस 'संवेजनीय' म्हटले आहे. या शब्दाच्या मुळाशी 'विज्', म्हणजे कंप पावणे, हा धातू आहे. जे मनास हलवून जागे करते ते संवेजनीय. म्हणजेच स्थानाचे दर्शन हा शेवट नव्हे. त्यातून आचरण घडावे ही अपेक्षा होय.

कोरेगाव या चार स्थानांत नाही, आणि त्यास चैत्याचे रूप देण्याचेही कारण नाही. १ जानेवारी १८१८ रोजी कॅप्टन स्टाँटनच्या तुकडीने दुसऱ्या बाजीरावाच्या सैन्याशी येथे दिवसभर झुंज दिली. १८२१ मध्ये पायाभरणी झालेला हा स्तंभ कंपनी सरकारने स्वतःच्या विजयासाठी उभारला. तथापि त्यावर धारातीर्थी पडलेल्या ४९ जणांची नावे आहेत व त्यांतील २२ नावांच्या अखेरीस 'नाक' हा प्रत्यय आहे. ज्यांची सावलीही विटाळ मानली गेली, त्यांची नावे येथे दगडात कोरली गेली. आणि याच समाजास इंग्रज सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लष्करभरतीची दारे बंद केली! म्हणून आपले वंदन कंपनीच्या विजयास नाही, त्या माणसांना आहे. कलिंगाच्या युद्धानंतर सम्राट अशोकाने धम्मविजय हाच श्रेष्ठ विजय मानला, हेही आपण विसरू नये.

१ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेबांनी या स्तंभास भेट दिली. त्याच वर्षी २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले. या दोन घटनांत कार्यकारणभाव जोडण्याचा आमचा आग्रह नाही; पण पूर्वजांच्या पराक्रमाच्या स्मरणाकडून हक्काच्या आचरणाकडे, हा क्रम संवेगाचा अर्थ स्पष्ट करतो.

स्थानदर्शनाची रीत कोणती, याचा दाखला लुंबिनीच्या स्तंभलेखात मिळतो. राज्याभिषेकाच्या विसाव्या वर्षी अशोक तेथे स्वतः आला, त्याने पूजा केली, शिलास्तंभ उभारला. एवढ्यावर तो थांबला नाही. अभ्यासकांनी लावलेल्या अर्थानुसार त्याने लुंबिनी गावाचा 'बली' हा कर माफ केला व राजभाग आठव्या हिश्शावर आणला. यात्रिक आला आणि गावाचा भार हलका झाला!

हाच निकष आपण स्वतःस लावावा. आपल्या जाण्याने पेरणे व कोरेगावच्या रहिवाशांचा भार वाढतो की कमी होतो? २०१८ मध्ये, युद्धाच्या द्विशताब्दीच्या दिवशी, या परिसरात हिंसाचार होऊन एका तरुणाचे प्राण गेले. त्या जखमेनंतर तेथे जाणाऱ्या प्रत्येकाच्या वाणीचे व वर्तनाचे मोल वाढले आहे. सम्यक वाचा ही सभागृहापुरती नसते. ती रस्त्यावर, घोषणेतही पाळावयाची असते. नदीकाठी कचरा न टाकणे, वृद्धांना व बालकांना वाट देणे, स्थानिकांशी आदराने बोलणे, ही सारी वंदनेचीच अंगे होत.

आमची उपासक-उपासिकांना एक विनंती आहे. पुढील वेळी हार अर्पण केल्यावर लगेच परतू नये. स्तंभावरील लेख पाहावा, ती नावे जाणून घ्यावीत आणि सोबतच्या मुलांकडून ती मोठ्याने म्हणवून घ्यावीत. २२ नावे म्हणावयास दोन मिनिटेही लागत नाहीत.